एका सुळ्यावर दोन शिरं



स्मृतिव्याख्यानाला उभं राहणाऱ्यानं गेलेल्या माणसांबद्दल चांगलंच बोलावं, असा आपल्याकडे संकेत आहे. आज मी तो पाळणार नाही. ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे आणि वाईट बोलणारे पावणेचारशे वर्षं भांडत आहेत. दोन्ही बाजूंचे कागद भक्कम आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू काही अंशी खऱ्या आहेत.

हा माणूस म्हणजे जेम्स ग्रॅहम, माँट्रोजचा पहिला मार्क्विस. स्कॉटलंडचा उमराव. जन्म १६१२, मृत्यू १६५०. अडतिशीही गाठली नाही. २१ मे १६५० रोजी एडिनबरोच्या भर बाजारात त्याला फासावर लटकवलं, मग त्याचे तुकडे केले आणि ते पाच शहरांत टांगले. अकरा वर्षांनी, ११ मे १६६१ रोजी, त्याच शहरात ते तुकडे गोळा करून त्याची राजेशाही अंत्ययात्रा निघाली आणि सेंट जाइल्सच्या मुख्य चर्चमध्ये त्याला पुरलं. ज्यांनी एडिनबरो पाहिलं असेल त्यांना आठवेल: मर्केट क्रॉस आणि सेंट जाइल्स अगदी शेजारी शेजारी आहेत. फासाची जागा आणि समाधीची जागा यांच्यात मोजकी पावलं. ती पावलं चालायला अकरा वर्षं लागली.

या अकरा वर्षांत माँट्रोज बदलला का? मेलेला माणूस कसा बदलेल? मग बदललं काय?

आज मी तीन प्रश्न घेऊन आलो आहे. पहिला: हा माणूस फितूर होता का? दुसरा: त्याच्या विजयांची किंमत कोणी मोजली? आणि तिसरा, ज्यासाठी खरं तर हा विषय निवडला: त्याच्या प्रेतावर हक्क कोणाचा होता?

पहिल्या प्रश्नासाठी थोडं मागे जाऊ या. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडचाही राजा झाला आणि लंडनला राहायला गेला. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स गादीवर आला तेव्हा स्कॉटलंड त्याच्या दृष्टीनं एक लांबचा मुलूख होता. या राजाला वाटलं, दोन्ही राज्यांत प्रार्थनेची पद्धत एकच असावी. त्यानं स्कॉटलंडच्या चर्चवर एक नवं प्रार्थनापुस्तक लादलं. २३ जुलै १६३७ रोजी सेंट जाइल्समध्ये ते पहिल्यांदा वाचायला घेतलं आणि दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या बाईनं धर्मगुरूवर बसायचं स्टूल फेकलं, अशी आख्यायिका आहे. स्टूल कोणी फेकलं हे सोडून द्या. पण ते लागलं राजाला.

पुढच्या फेब्रुवारीत, १६३८ साली, ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये एक प्रतिज्ञापत्र सह्यांसाठी ठेवलं. नॅशनल कव्हनंट. सह्या करणारे ते कव्हनंटर. आमचा धर्म आम्ही राखू, राजाच्या लहरीनं तो बदलू देणार नाही, असा त्याचा आशय. त्यावर अगदी सुरुवातीला सही करणाऱ्या उमरावांत हा पंचविशीतला माँट्रोज होता. सेंट अँड्रूजला शिकलेला, तिरंदाजीचं पदक मिळवलेला, गोल्फ खेळणारा, कविता करणारा, युरोप फिरून आलेला. आणि उत्साह किती? बाजारातल्या एका सभेत नीट दिसावं म्हणून हा पिंपावर चढला. तेव्हा रॉथेसचा अर्ल त्याला थट्टेनं म्हणाला म्हणतात, की तुला दोरखंडानं सगळ्यांच्या वर चढवल्याशिवाय तुझ्या जिवाला स्वस्थता मिळायची नाही. थट्टा खरी ठरली. फक्त दोर ओढणारे हात त्याच्याच सोबत्यांचे निघाले.

१६३९ मध्ये तो कव्हनंटरांचा सेनापती म्हणून ॲबरडीनवर गेला. हे शहर राजाच्या बाजूचं, म्हणून त्याला वाकवायला. १६४० मध्ये कव्हनंटर सैन्य ट्वीड नदी ओलांडून इंग्लंडात शिरलं, तेव्हा पाण्यात आधी उतरणाऱ्यांत हा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं काही उमरावांबरोबर कंबरनॉल्ड इथं एक गुप्त करार केला. कशासाठी? कव्हनंटच्या नावाखाली सगळी सत्ता मूठभरांच्या, त्यातही एका माणसाच्या हातात जाते आहे, ती रोखण्यासाठी. तो माणूस म्हणजे आर्चिबाल्ड कॅम्पबेल, अर्गाइल. पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातल्या सर्वांत बलाढ्य कुळाचा प्रमुख. थंड डोक्याचा, धीम्या बोलण्याचा, हिशेबी. हे नाव लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत माँट्रोजइतकंच याचंही काम आहे.

करार उघडकीला आला. १६४१ मध्ये माँट्रोजला काही महिने एडिनबरोच्या किल्ल्यात कोंडलं. सुटला, आणि पुढे राजाच्या बाजूला गेला.

आता सांगा, हा फितूर का? कव्हनंटरांचं उत्तर सरळ आहे: सही केलीस, सैन्य चालवलंस, मग पलीकडे गेलास, म्हणजे फितूर. माँट्रोजचं उत्तरही सरळ आहे. त्या प्रतिज्ञापत्रात दोन वचनं होती, धर्माच्या रक्षणाचं आणि राजाच्याही रक्षणाचं. राजानं १६४१ मध्ये धर्माबाबत माघार घेतली. पहिलं वचन पुरं झालं. दुसरं मी पाळतो आहे. १६४३ मध्ये कव्हनंटरांनी इंग्लंडच्या पार्लमेंटशी नवा करार करून राजाविरुद्धच्या युद्धात उडी घेतली, त्या करारावर माझी सही नाही. मरेपर्यंत त्यानं हेच सांगितलं, की पहिल्या कव्हनंटवरची सही मी कधीच मागे घेतली नाही.

मला हा युक्तिवाद बराचसा पटतो. त्याच्या नावावर असलेल्या एका छोट्या राजकीय निबंधातही तोच सूर आहे: बेबंद राजा वाईट, आणि राजाला बांधून ठेवणारे बेबंद झाले तर तेही वाईट. तो फारसा हलला नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन हलली. पण हे 'बराचसा' मी जपून वापरतो आहे. या माणसाला दुसऱ्या क्रमांकावर बसणं जमत नव्हतं. अर्गाइल पहिल्या क्रमांकावर नसता, तर माँट्रोजला राजाच्या हक्कांची आठवण इतक्या लवकर झाली असती का? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कागदात मिळणार नाही. तत्त्व आणि मत्सर एकाच घरात राहतात, आणि दार उघडायला कोण येतं ते प्रसंगावर असतं.

आता दुसरा प्रश्न. ऑगस्ट १६४४. राजानं त्याला मार्क्विस केलंय, स्कॉटलंडमधला आपला सेनापती नेमलंय. पण सैन्य? सैन्य नाही. मोतद्दाराच्या वेषात, दोन सोबती घेऊन तो स्कॉटलंडात शिरला. उत्तरेत त्याला भेटला अलास्टर मॅककोला, आयर्लंडहून कॅथलिक शिपाई घेऊन आलेला, मॅकडॉनल्ड कुळातला एक धिप्पाड गडी. त्यांना डोंगराळ मुलखातली काही कुळं मिळाली. आणि मग एका वर्षात सहा विजय. टिपरम्यूर, ॲबरडीन, इनव्हरलॉकी, ऑल्डर्न, ॲल्फर्ड, किल्सिथ.

सहाही लढाया सांगत बसत नाही. एकच सांगतो, कारण तिच्यावर त्याची कीर्ती उभी आहे. जानेवारी १६४५ चा शेवट, कडाक्याची थंडी. माँट्रोज एका लांबट खोऱ्यात अडकला आहे. पुढे इनव्हरनेसला एक शत्रू, मागे इनव्हरलॉकीला अर्गाइल. खोऱ्यातल्या वाटेनं कुठेही गेलं तरी दिसणार. त्यानं वाट सोडली. बर्फानं भरलेल्या डोंगरांवरून, ओटचं पीठ थंड पाण्यात कालवून खात, त्याचे लोक दोन दिवसांत इनव्हरलॉकीच्या माथ्यावर पोहोचले. २ फेब्रुवारीच्या पहाटे ते उतरले, आणि कॅम्पबेल कुळाची फळी फुटली. पंधराशेच्या आसपास माणसं मेली. अर्गाइल स्वतः समुद्राच्या खाडीत आपल्या गलबतावर होता. काही दिवसांपूर्वी हाताला दुखापत झाली होती, असं त्याच्या बाजूचे सांगतात. त्यानं तिथून आपल्या कुळाचा संहार पाहिला आणि शीड उभारलं.

किती थरारक! म्हणूनच सर वॉल्टर स्कॉटनं याच मोहिमेवर कादंबरी रचली, आणि जॉन बकननं १९२८ मध्ये माँट्रोजचं झळझळीत चरित्र लिहिलं. पण श्रोतेहो, थरार वाटला की इतिहासाच्या विद्यार्थ्यानं लगेच सावध व्हावं.

सावध होऊन ॲबरडीनला परत जाऊ या. १३ सप्टेंबर १६४४. पाच वर्षांपूर्वी याच शहरावर हा माणूस कव्हनंट लादायला आला होता. आता तोच राजाच्या नावानं दारात उभा आहे. शहरानं शरण यावं म्हणून त्यानं दूत पाठवला, बरोबर एक ढोल वाजवणारा पोरगा. परतताना कोणीतरी त्या पोराला गोळी घातली. माँट्रोज संतापला आणि लढाईनंतर शहर लुटायची मोकळीक त्यानं शिपायांना दिली. काही दिवस लूट, बलात्कार, कत्तल चालली. जॉन स्पॉल्डिंग हा ॲबरडीनचाच नोंदकर्ता, आणि तोही राजाच्या बाजूचा! तो लिहून ठेवतो, की कपडे रक्तानं खराब होऊ नयेत म्हणून लोकांना मारण्याआधी नागवं करत होते. मेलेल्यांत कितीतरी जण मनानं राजाकडचे होते. राजाच्या सेनापतीनं राजाची माणसं मारली.

इथं त्याचे चरित्रकार अडखळतात. म्हणतात, शिपाई आवरेनात. म्हणतात, पोराच्या खुनाचा राग होता. म्हणतात, त्या काळी असंच चालायचं. तिन्ही खरं असेल. पण हुकूम त्याचा होता. किल्सिथनंतर ग्लासगोची लूट त्यानं रोखली, म्हणजे शिपाई आवरायचे असले की तो आवरू शकत होता.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकाचंच पाप मोजतो. किल्सिथनंतर डोंगरी कुळं लूट घेऊन घरी परतली, मॅककोला कॅम्पबेलांशी जुनं वैर फेडायला पश्चिमेकडे निघून गेला. १३ सप्टेंबर १६४५, ॲबरडीनला बरोबर एक वर्ष. सेलकर्कजवळ फिलिपहॉ इथं सकाळच्या धुक्यात कव्हनंटरांचा सेनापती डेव्हिड लेस्ली यानं माँट्रोजच्या उरल्यासुरल्या सैन्याला गाठलं. तो घोड्यावरून निसटला. आयरिश शिपाई जीवदानाच्या शब्दावर शरण आले आणि मारले गेले. त्यांच्या बरोबरच्या बायका, पोरं, स्वयंपाकी, नोकर, सगळे मारले गेले. धर्मराज्याच्या नावानं. तेव्हा हातांचं विचाराल तर दोन्हीकडचे रक्ताळलेले.

आणि एक गंमत पाहा. त्या डोंगराळ मुलखातल्या गेलिक कवींनी या मोहिमेची गाणी केली. इनव्हरलॉकीवरचं इयान लोमचं काव्य प्रसिद्ध आहे. त्यात नायक कोण? अलास्टर मॅककोला. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी सगळं श्रेय माँट्रोजला दिलं, गेलिकमध्ये गाणाऱ्यांनी मॅककोलाला. विजय एकच होता, पण वारस दोन झाले.

आता त्याच्या मरणाकडे येतो, आणि तिथूनच तिसरा प्रश्न सुरू होतो. १६४६ मध्ये स्वतः राजाच्या हुकुमावरून त्यानं शस्त्रं ठेवली आणि नॉर्वेला गेला. पुढे पवित्र रोमन सम्राटानं त्याला फील्ड मार्शल केलं. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये राजाचा शिरच्छेद झाला. बातमी ऐकून माँट्रोज बेशुद्ध पडला, असं त्याचा चरित्रकार जॉर्ज विशार्ट सांगतो. आता त्याचा धनी म्हणजे हद्दपार तरुण राजपुत्र, दुसरा चार्ल्स.

हा दुसरा चार्ल्स काय करत होता? एकाच वेळी दोन दारं वाजवत होता. एका दारातून त्यानं माँट्रोजला स्कॉटलंडवर चालून जायला सांगितलं. दुसऱ्या दारात, नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात, तो त्याच कव्हनंटरांशी बोलणी करत होता. माँट्रोजची स्वारी ही त्या बोलण्यांत दबाव आणण्यासाठी होती. जानेवारी १६५० मध्ये त्यानं माँट्रोजला गार्टर हा इंग्लंडचा सर्वोच्च किताब पाठवला आणि कळवलं, की तहाच्या वावड्या ऐकून खचू नकोस.

वावड्या नव्हत्या त्या. २७ एप्रिल १६५० रोजी कारबिसडेल इथं माँट्रोजचं छोटं सैन्य धुळीला मिळालं. त्यानंतर काही दिवसांतच ब्रेडाला राजानं कव्हनंटरांपुढे मान तुकवली. माँट्रोज उत्तरेच्या रानात उपाशी भटकत होता. असिंटच्या नील मॅक्लाउडच्या मुलखात तो पकडला गेला. मॅक्लाउडला २५,००० स्कॉटिश पौंडांचं बक्षीस ठरलं, काही भाग रोख आणि काही ओटच्या पिठात. इयान लोमनं या पिठावरून त्याला जो शाप दिला तो आजही गेलिकमध्ये जिवंत आहे.

१८ मेला त्याला एडिनबरोत आणलं. उघड्या गाडीत, बसवून दोरांनी बांधलेला, पुढे गाडी हाकायला फाशी देणारा. लोकांनी चिखल मारावा हा बेत होता. त्या काळचे वृत्तांत सांगतात, की लोक गप्प झाले, काही रडले. वाटेत मोरे हाउसपाशी गाडी थांबली. तिथं अर्गाइलच्या मुलाच्या ताज्या लग्नाची मंडळी उतरली होती. स्वतः अर्गाइल खिडकीआडून पाहत होता, असं सांगतात. इनव्हरलॉकीला गलबतावरून पाहिलं होतं, आज खिडकीतून.

खटला चालला नाही. १६४४ सालीच त्याला गैरहजेरीत द्रोही ठरवलं होतं. फक्त शिक्षा वाचायची होती. आणि शिक्षा कशी, तर विचारपूर्वक बेतलेली. उमरावाचा शिरच्छेद करायचा हा रिवाज. याला चोरासारखा फास. तीस फूट उंच खांब. गळ्यात विशार्टनं लॅटिनमध्ये लिहिलेलं त्याच्या विजयांचं पुस्तक. तीन तास लटकत ठेवायचं. मग शीर टोलबूथ तुरुंगाच्या सुळ्यावर. हातपाय स्टर्लिंग, ग्लासगो, पर्थ आणि ॲबरडीनला. धड? पश्चात्ताप केला आणि चर्चनं बहिष्कार उठवला तर ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत. नाहीतर बर्ग म्यूरच्या माळावर, गुन्हेगारांत.

पाहा, मेल्यानंतर कुठे पडायचं याचीही घासाघीस! माँट्रोजनं पश्चात्ताप केला नाही. फाशीच्या सकाळी तो लांब केस विंचरत बसला होता. वॉरिस्टन नावाच्या कव्हनंटर पुढाऱ्यानं आक्षेप घेतला, तर म्हणाला, अजून डोकं माझं आहे, तुमचं झालं की हवं ते करा. नवऱ्या मुलासारखे भरजरी कपडे घालून गेला. गळ्यातल्या पुस्तकाबद्दल म्हणाला, गार्टरपेक्षा याचा अभिमान वाटतो. शत्रूंनी अपमानासाठी जे जे आणलं, ते ते त्यानं दागिन्यासारखं मिरवलं. आणि राजा? राजानं हात वर केले. ही स्वारी माझ्या हुकुमानं झालीच नाही, असं त्यानं स्कॉटलंडच्या पार्लमेंटला कळवलं.

आता मी ज्याच्यासाठी इथं आलो ते सांगतो. १ जानेवारी १६५१ रोजी स्कोन इथं याच दुसऱ्या चार्ल्सला स्कॉटलंडचा मुकुट घातला गेला. मुकुट डोक्यावर ठेवला कोणी? अर्गाइलनं. आणि त्या क्षणी माँट्रोजचं शीर टोलबूथच्या सुळ्यावर होतं.

काळ उलटला. इंग्लंडच्या पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल यानं स्कॉटलंड जिंकलं. अर्गाइलनं त्याच्या राजवटीशी जुळवून घेतलं. क्रॉमवेल मेला, १६६० मध्ये चार्ल्स लंडनच्या गादीवर परतला. अर्गाइल मुजऱ्याला गेला आणि थेट लंडनच्या टॉवरमध्ये, कैदेत, रवाना झाला. ७ जानेवारी १६६१ रोजी बर्ग म्यूरवर खणून माँट्रोजचं धड काढलं, टोलबूथवरून शीर उतरवलं, हातपाय मागवले. ते सगळं होलीरूडच्या ॲबी चर्चमध्ये मानानं ठेवलं. ११ मेला सेंट जाइल्सपर्यंत मिरवणूक. निशाणं, राजघोषक, उमराव, काळी वस्त्रं. त्या दिवशी अर्गाइल कुठे होता? एडिनबरोच्या किल्ल्यात, कैदेत, खटल्याच्या अखेरीला. क्रॉमवेलच्या सेनापतीला, म्हणजे जनरल मंकला, त्यानं पूर्वी लिहिलेली पत्रं मंकनंच पुढे केली आणि खटला संपला. २७ मे १६६१ रोजी, त्या अंत्ययात्रेनंतर सोळा दिवसांनी, अर्गाइलचा शिरच्छेद झाला. तोही शांतपणे, धीरानं मेला, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं. आणि त्याचं शीर ठेवलं कुठे?

टोलबूथवर. त्याच सुळ्यावर.

बघा आता. एक शीर उतरलं, दुसरं चढलं. सुळा तोच, शहर तेच, पार्लमेंट तेच, गर्दीसुद्धा बरीचशी तीच. आणि हे दोन्ही ज्याच्या नावानं झालं तो राजा कोण? ज्यानं पहिल्याला हुकूम देऊन वाऱ्यावर सोडलं, आणि दुसऱ्याच्या हातून मुकुट घालून घेतला. १६६१ ची ती अंत्ययात्रा माँट्रोजचा सन्मान होती, असं आपण वाचतो. मी म्हणतो, ती कर्जाची फेड होती, आणि तीही ऋणकोला सर्वांत स्वस्त पडेल अशा नाण्यात. १६५० मध्ये एका स्पष्ट पत्रानं जो माणूस कदाचित वाचला असता, त्याला १६६१ मध्ये मखमल मिळाली. प्रेत तक्रार करत नाही. ब्रेडाला काय घडलं ते विचारत नाही. राज्यकर्त्यांना मेलेले निष्ठावंत आवडतात ते याचसाठी.

मग प्रेतावर हक्क कोणाचा? कव्हनंटरांनी सांगितला, राजानं सांगितला. पण राजाच्या कितीतरी आधी एका बाईनं तो न सांगता बजावला होता. त्या गोष्टीचा शेवट आपल्या भारतात होतो, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

माँट्रोजची बहीण मार्गारेट दिली होती नेपियर घराण्यात. नेपियर म्हणजे कोण? तुमच्यापैकी साठीच्या पुढची जी मंडळी लॉगॅरिदमची कोष्टकं घेऊन परीक्षेला बसली, त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांचा जनक, जॉन नेपियर. मार्गारेट त्याची सून. तिच्या मुलाची बायको, लेडी नेपियर, हिनं फाशीनंतर एका रात्री बर्ग म्यूरवर माणसं पाठवून माँट्रोजच्या धडातून हृदय काढवून आणलं, मसाले भरून टिकवलं, आणि त्याच्या तलवारीच्या पोलादाच्या डबीत ठेवलं. ती डबी सोन्याच्या जाळीकामाच्या दुसऱ्या डबीत.

पुढचा प्रवास सर अलेक्झांडर जॉन्स्टननं १८३६ मध्ये आपल्या मुलींना लिहिलेल्या पत्रातून कळतो. हा सिलोनचा माजी सरन्यायाधीश. त्याची आई हेस्टर ही नेपियर घराण्यातली. ती नवऱ्याबरोबर भारतात आली तेव्हा ते हृदय तिच्याजवळ होतं. वाटेत फ्रेंच जहाजांशी झालेल्या चकमकीत सोन्याची डबी मोडली. मदुराईच्या सोनारानं हुबेहूब नवी करून दिली. एका चांदीच्या कलशावर माँट्रोजची हकिकत तमिळ आणि तेलुगूत कोरून घेतली. मग शहरात कुजबूज सुरू झाली, की ज्याच्याजवळ हा कलश त्याला लढाईत जखम होत नाही. कलश चोरीला गेला आणि तिकडच्या एका पाळेगारानं तो विकत घेतला. पुढे शिकारीला आलेल्या तरुण अलेक्झांडरनं तो परत मागितला, तर पाळेगारानं सन्मानानं दिला. काही काळानं तोच पाळेगार बंडखोर ठरून मारला गेला. मरताना त्यानं या गोऱ्या सरदाराची आठवण काढली आणि आपलंही हृदय आपली माणसं असंच जपतील अशी आशा केली, असं जॉन्स्टन लिहितो. १७९२ मध्ये हे कुटुंब फ्रान्समार्गे परतत होतं. क्रांतीचे दिवस, सोनंचांदी सरकारजमा करायचा हुकूम. कलश बुलोनला एका इंग्रज बाईकडे लपवायला दिला. ती वारली. कलश पुन्हा कोणाला दिसला नाही.

एका माणसानं म्हातारपणी सांगितलेली ही लहानपणची हकिकत आहे, तेव्हा तिच्यावर ओझं टाकताना हात आखडता घ्यावा. पण तिच्यातल्या पाळेगाराकडे लक्ष द्या. त्याला ना कव्हनंट ठाऊक, ना राजा. त्याला एवढंच कळलं, की हरलेल्या माणसालाही कोणी जपू शकतं.

जाता जाता, याच हेस्टर जॉन्स्टनच्या मदुराईच्या घरी एक तरुण स्कॉट आला. नेपियरच्या चरित्रासाठी हिंदू गणिताची माहिती जमवायची होती. त्याचं नाव कॉलिन मॅकेन्झी. पुढे हाच भारताचा पहिला सर्वेअर जनरल झाला आणि त्यानं दक्षिणेतल्या हस्तलिखितांचा जो अफाट संग्रह केला, त्यात मराठी कागदही आहेत. इतिहासाच्या नाड्या कुठून कुठे जातात!

सारांश सांगतो. पहिला प्रश्न: फितूर का? माझं उत्तर, नाही. पण निर्मळही नाही. दुसरा: विजयांची किंमत कोणी मोजली? ॲबरडीनच्या लोकांनी, फिलिपहॉच्या बायकापोरांनी, ज्यांचं कुठल्याही तत्त्वाशी भांडण नव्हतं. तिसरा: प्रेतावर हक्क कोणाचा? ज्याच्या हातात सत्ता, त्याचा. म्हणूनच प्रेताला मिळालेल्या मानावरून किंवा विटंबनेवरून माणसाची पारख करू नये.

एकोणिसाव्या शतकात एडिनबरोनं एक शहाणपण केलं. १८८८ मध्ये सेंट जाइल्समध्ये माँट्रोजचं स्मारक उभं राहिलं, आणि १८९५ मध्ये त्याच चर्चमध्ये अर्गाइलचं. दोघंही संगमरवरात झोपले आहेत, एकाच छताखाली. पर्यटक दोन्हींची छायाचित्रं घेतात. याला समेट म्हणावं का? मला शंका आहे. दोन शत्रूंची भरपाई झाली. पण ते दोघंही उमराव होते. ॲबरडीनच्या त्या ढोलवाल्या पोराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, फिलिपहॉच्या बायकांचीही नाहीत. ज्यांच्यासाठी रडणारा दुसरा पक्ष नव्हता, ते सुळ्यावरही चढले नाहीत आणि समाधीतही आले नाहीत.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती करतो आणि थांबतो. स्मारकं उभारावीत, जयंत्या कराव्यात, अशी व्याख्यानंही जरूर व्हावीत. फक्त पुढच्या वेळी कुठलाही अस्थिकलश गाजत-वाजत जाताना पाहाल, तेव्हा दोन प्रश्न मनाशी विचारा. हा माणूस जिवंत असताना त्याला मदतीची गरज होती, तेव्हा ही मिरवणूक काढणारे कुठे होते? आणि या मिरवणुकीच्या आडून आज कोणाचं शीर मागितलं जातंय? पहिल्याचं उत्तर मिळालं तर इतिहास कळेल. दुसऱ्याचं वेळेवर मिळालं, तर एखादा माणूस वाचेल.